ड्राइव्ह पुसून विंडोज ११ नव्याने बसवताना

संगणक सुरू व्हायलाच बराच वेळ लागू लागला, व्हायरस काही केल्या निघेना किंवा जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी नवी एसएसडी बसवली, की विंडोज नव्याने बसवण्याची वेळ येते. दुकानात 'फॉरमॅट मारून द्या' असे सांगितले की काम होऊन जाते. परंतु त्या संगणकावर कोणती फाइल कुठे ठेवली आहे, कोणता फॉन्ट कशासाठी लागतो आणि कोणत्या परवान्याची नोंद कोणत्या ईमेलवर आहे, हे दुकानदाराला माहीत असण्याचे काही कारण नसते. ते ज्याचे त्यालाच माहीत असते, म्हणून हे काम स्वतः शिकून घ्यावे असे मला मनापासून वाटते. ड्राइव्ह पुसायला काही सेकंद लागतात आणि एसएसडीवर विंडोज बसायला साधारण अर्धा-पाऊण तास. मात्र त्याआधीच्या तयारीला एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवावी. पुसलेले परत मिळण्याची आशा, विशेषतः एसएसडीवर, धरू नये.

हा लेख विंडोज ११ बसवण्याविषयी आहे. विंडोज १० चे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवले, त्यामुळे आता नव्याने बसवायचेच तर जुनी आवृत्ती बसवण्यात अर्थ नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ४ जीबीवर ते चालते खरे, पण रोजच्या कामासाठी ८ जीबी असावी. आपला संगणक या अटींत बसतो की नाही, हे मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा छोटा प्रोग्राम सांगतो. ड्राइव्ह पुसून झाल्यावर तो चालवता येणार नाही, तेव्हा आधीच चालवून पाहावा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच तपासावी. विंडोज अजून सुरू होत असेल, तर सेटिंग्जमधील सिस्टिम आणि त्यातील रिकव्हरी या पानावर 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय असतो. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडले की पेनड्राइव्हशिवायच सगळे पुसून विंडोज पुन्हा बसते. संगणक नुसता मंदावला असेल किंवा दुसऱ्याला देऊन टाकायचा असेल, तर हाच मार्ग सोपा आहे, आणि देऊन टाकताना तिथला 'क्लीन डेटा' हा पर्यायही चालू करावा, म्हणजे पुसलेल्या फाइली कोणाला सहजी उकरून काढता येत नाहीत. ड्राइव्ह नवा असेल, विंडोज सुरूच होत नसेल, रीसेट अर्ध्यावर बंद पडत असेल किंवा व्हायरसची शंका असेल, तर मात्र पुढे सांगितलेला पेनड्राइव्हचा मार्गच धरावा.

पुसण्याआधी काय काय वाचवायचे

बहुतेक जण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो एवढेच उचलतात. त्यापेक्षा सी ड्राइव्हवरील 'युजर्स' या फोल्डरमध्ये आपल्या नावाचे जे फोल्डर असते, ते संपूर्णच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे. त्यात डाउनलोड्स, व्हिडिओ आणि आउटलुक वापरत असल्यास डॉक्युमेंट्समधल्या मेलच्या फाइलीही येतात. वनड्राइव्ह चालू असेल तर एक बारकावा ध्यानात ठेवावा. ज्या फाइलीपुढे निळ्या ढगाचे चिन्ह दिसते ती प्रत्यक्षात संगणकावर नसून केवळ इंटरनेटवर असते, त्यामुळे वनड्राइव्हचा पासवर्ड आठवत नसेल तर आधी तो परत मिळवावा आणि मगच पुढे जावे. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेले आहेत, हे दुसऱ्या उपकरणावर उघडून बघितल्याशिवाय गृहीत धरू नये.

सी ड्राइव्हवर युजर्सबाहेरही बरेच काही दडलेले असते. हिशेबाची कामे करणाऱ्यांनी टॅलीचा डेटा कुठे साठतो, ते टॅलीमध्येच कंपनीच्या माहितीत दिलेला मार्ग वाचून पाहावे. टॅलीप्राइममध्ये तो बहुधा 'युजर्स' फोल्डरमधील 'पब्लिक'खाली असतो, म्हणजे आपल्या नावाच्या फोल्डरात तो सापडत नाही आणि नेमका मागे राहतो. त्याचबरोबर टॅलीचा परवाना फॉरमॅटपूर्वी 'सरेंडर' करून ठेवावा, म्हणजे नव्या विंडोजवर तो पुन्हा चालू करताना अडत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन हे वेगळे उपकरण असल्यामुळे त्यातली स्वाक्षरी सुरक्षित राहते. फक्त त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, नव्याने बसवावा लागतो, म्हणून टोकन कोणत्या कंपनीचे आहे ते लिहून ठेवावे.

मराठी मजकूर सांभाळणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फॉन्ट. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वी छापखान्यांत, वकिलांकडे, सरकारी कार्यालयांत आणि शाळांत जे काम झाले, त्यातले फार मोठे काम श्री-लिपी, कृतिदेव किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमधील सुरेखसारख्या फॉन्टमध्ये झालेले आहे. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट संगणकावर आहे तोवर पान नीट दिसते. फॉन्ट गेला की तेच खरेदीखत किंवा तीच प्रश्नपत्रिका इंग्रजी अक्षरे, कंस आणि टोपीवाल्या चिन्हांची एक निरर्थक ओळ होऊन समोर येते. फाइल बिघडलेली नसते, पण फॉन्ट परत मिळेपर्यंत ती वाचताही येत नाही. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमधले 'फॉन्ट्स' उघडून त्यातले असे फॉन्ट वेगळ्या फोल्डरात उतरवून ठेवावेत. अलीकडे काही फॉन्ट केवळ एकाच वापरकर्त्यासाठी बसवलेले असतात आणि ते त्याच्या नावाच्या फोल्डरातील 'अ‍ॅपडेटा' या लपलेल्या फोल्डरात राहतात. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू केला की ते दिसते. श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी, डोंगल किंवा परवान्याचा कागद हाताशी आहे ना, हेही आताच पाहावे.

नक्कल करून झाली म्हणजे बॅकअप झाला असे समजू नये. ती बाहेरची हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून वेगवेगळ्या फोल्डरांतील काही फाइली खरोखर उघडून पाहाव्यात: एखादे जुने एक्सेल, एखादा मोठा व्हिडिओ, एखादी पीडीएफ. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही, म्हणजे घरातले फोटो किंवा प्रबंधाचा मसुदा, ते दोन ठिकाणी असावे. डी ड्राइव्हवर सगळे आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात, परंतु सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. पुसताना एका ओळीची गफलत झाली की दोन्ही जातात.

विंडोज मुळीच सुरू होत नसेल तरी फाइली गेल्या असे नाही. दुसऱ्या संगणकावर उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह बनवून, तो न बसवता नुसता चालवून पाहण्याचा पर्याय निवडला, तर जुना ड्राइव्ह उघडून नक्कल करता येते. मात्र ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्याच सुरक्षा-सोयीने कुलूपबंद असेल, आणि हल्लीचे बरेच लॅपटॉप तसे असतात, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात उपकरणांच्या पानावर सापडते. लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर तेथील आयटी विभागाकडे असते. ती कागदावर लिहून ठेवावी, कारण ती जिथे लागते त्या संगणकावर ती साठवून काही उपयोग नसतो.

परवाना आणि आवृत्ती

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अ‍ॅक्टिव्हेशन हे पान उघडून दोन गोष्टी टिपून घ्याव्यात: विंडोज अ‍ॅक्टिव्हेट आहे का, आणि आवृत्ती कोणती आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. पुन्हा बसवताना हीच निवडायची. 'प्रो' बरी म्हणून ती निवडली तर परवाना जुळत नाही आणि विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपच्या परवान्याची की त्याच्या मदरबोर्डमध्येच साठवलेली असते, त्यामुळे आवृत्ती बरोबर असली की इंटरनेट मिळताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. लॅपटॉपसोबत मिळालेले ऑफिस मात्र ज्या ईमेलवर पहिल्यांदा चालू केले त्या खात्याला बांधलेले असते. घरातल्या कोणी, किंवा दुकानातल्या माणसाने, त्या वेळी कोणता ईमेल टाकला होता हे आत्ताच शोधावे.

परवाना नसेल तर फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करून देणारी छोटी सॉफ्टवेअरे वापरण्याचा सल्ला मिळतो. ती चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, यातच सगळे आले. व्हायरस घालवण्यासाठी ड्राइव्ह पुसायचा आणि पहिल्याच दिवशी अशा सॉफ्टवेअरला दार उघडून द्यायचे, हे टाळावे.

पेनड्राइव्ह बनवणे

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यावर जे असेल ते पुसले जाईल. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरील विंडोज ११ डाउनलोडच्या पानावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून चालवावे, अटी मान्य कराव्यात, भाषा निवडावी आणि 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' हा पर्याय घ्यावा. पाच-सहा जीबी डाउनलोड होत असल्याने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा पुरत नाही. घरच्या किंवा ओळखीच्या ब्रॉडबँडवर हे काम करावे. आपला संगणक बंद असेल तर दुसऱ्या कोणत्याही विंडोज संगणकावर हा पेनड्राइव्ह बनवता येतो.

त्याच बैठकीत लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल किंवा अनुक्रमांक टाकून वाय-फायचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. इंटेलच्या अकराव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर साठवणुकीचा 'रॅपिड स्टोरेज' हा ड्रायव्हरही घ्यावा आणि दोन्ही उलगडून (एक्स्ट्रॅक्ट करून) त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात ठेवावेत. हे आत्ता निष्कारण वाटेल. त्याचा उपयोग पुढे कळेल.

पेनड्राइव्हवरून सुरू करणे

लॅपटॉप चार्जरला जोडावा आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर चालवावा. वीज जाण्याचा भरवसा नसेल त्या वेळी हे काम काढूच नये. बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर, मेमरी कार्ड सगळे काढून ठेवावे. बॅकअप असलेली डिस्क तर खोलीतल्या कपाटात गेली पाहिजे, इतके मी हे गांभीर्याने घेतो.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना कंपनीचे चिन्ह दिसण्याआधीपासून ठरावीक बटण टिचकत राहावे. डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ९, तर असूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप दाबल्यावर कशावरून सुरू करायचे याची यादी येते. एसरमध्येही एफ१२ असते, पण काही मॉडेलांत ते आधी बायोसमधून, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमधून, चालू करावे लागते. बटण दाबण्याची वेळ साधत नसेल आणि जुने विंडोज अजून सुरू होत असेल, तर शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' करावे आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' निवडावे. यादीत पेनड्राइव्हच्या नावामागे यूईएफआय असे लिहिलेली नोंद असेल तर तीच घ्यावी.

पुढचे पडदे सरळ आहेत. भाषा आणि कीबोर्ड निवडताना कीबोर्ड 'यूएस' ठेवावा. 'यूके' घेतला तर ईमेलमधले ॲटचे चिन्ह भलत्याच जागी जाते आणि पासवर्ड का चुकतो हे कळत नाही. त्यानंतर दुरुस्तीचा पर्याय न घेता विंडोज ११ बसवण्याचा पर्याय घ्यावा; नव्या आवृत्त्यांत इथेच, सर्व फाइली आणि प्रोग्राम पुसले जातील हे मान्य असल्याच्या चौकटीत खूण करावी लागते. परवान्याची की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' या अर्थाच्या ओळीवर क्लिक करावे आणि आवृत्त्यांच्या यादीतून टिपून ठेवलेली आवृत्ती निवडावी. काही जुन्या पेनड्राइव्हवर अपग्रेड की कस्टम असे विचारले जाते. तिथे कस्टम घ्यावे.

ड्राइव्हची यादी

या पडद्यावर घाई करू नये. समजा लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे, आणि विंडोज एसएसडीवर बसवायचे आहे. यादीत ना सी दिसतो ना डी. दिसतात ते डिस्क शून्य, डिस्क एक असे आकडे आणि प्रत्येकीचे भाग. हे आकडे एसएसडी आधी आणि हार्ड डिस्क नंतर अशाच क्रमाने येतील याची शाश्वती नसते, शिवाय विंडोजचा पेनड्राइव्हही त्याच यादीत एक डिस्क म्हणून हजर असतो. म्हणून आकड्यावर न जाता आकारावर जावे. कंपन्या जीबी मोजताना हजाराचा हिशेब धरतात आणि विंडोज १०२४ चा, त्यामुळे २५६ जीबीची डिस्क इथे सुमारे २३८, ५१२ जीबीची सुमारे ४७६ आणि १ टीबीची सुमारे ९३१ जीबी दिसते. एसएसडीचे सहसा चार भाग असतात: १०० एमबीच्या आसपासचा सिस्टिम, १६ एमबीचा राखीव, मोठा प्राथमिक आणि शेवटी काहीशे एमबीचा रिकव्हरी. या चौघांची बेरीज २३८ च्या जवळ येते का, हे कागदावर मांडून पाहायला हरकत नाही.

खात्री झाली की त्याच डिस्कचा एकेक भाग निवडून 'डिलीट पार्टिशन' करावे. दर वेळी इशारा येतो. तो वाचून, डिस्कचा आकडा पुन्हा पाहून होकार द्यावा. कंपनीने दिलेला रिकव्हरीचा भागही यात जातो आणि त्यासोबत लॅपटॉप अगदी विकत घेतला तेव्हासारखा करण्याची कंपनीची सोय संपते. ती हवी असेल तर इथेच थांबावे. सगळे भाग गेले की त्या डिस्कपुढे 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरते. ती निवडून सरळ 'नेक्स्ट' दाबावे. लागणारे भाग विंडोज स्वतःच पाडते. लहान एसएसडीचे सी आणि डी असे तुकडे करण्याची जुनी सवय सोडून द्यावी, कारण त्याने सी लवकर भरतो आणि डी सुरक्षितही राहत नाही. डेस्कटॉपमध्ये डेटाची वेगळी हार्ड डिस्क असेल तर संगणक बंद करून तिची केबलच काढून ठेवावी, म्हणजे ती या यादीत येतच नाही.

यादी रिकामीच आली तर एसएसडी खराब झाली असे लगेच मानू नये. इंटेलच्या नव्या पिढ्यांतील लॅपटॉपमध्ये साठवणुकीचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसल्यामुळे असे वारंवार होते. 'लोड ड्रायव्हर' दाबून आधी उतरवलेल्या रॅपिड स्टोरेजच्या फोल्डराकडे बोट दाखवले की डिस्क दिसू लागते.

फाइली उतरत असताना संगणक दोन-तीनदा आपोआप बंद होऊन सुरू होतो. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा भाषेचाच पडदा आला, तर तो पेनड्राइव्हवरून सुरू झाला आहे असे समजून पेनड्राइव्ह काढावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

नव्या विंडोजची पहिली ओळख

देश भारत, कीबोर्ड यूएस आणि मग इंटरनेट, असे प्रश्न येतात. होम आवृत्तीला इथे इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागतेच. वाय-फायची यादीच आली नाही तर ड्रायव्हर नाही असे समजावे. नव्या आवृत्त्यांत या पानावर ड्रायव्हर बसवण्याचे बटण असते, ते नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे, म्हणजे संगणकाला इंटरनेट मिळते. जुन्या संगणकावरून सेटिंग परत आणण्याचा पर्याय दिसला आणि तुम्ही व्हायरसमुळे हे सारे करत असाल, तर नवा संगणक म्हणूनच मांडणी करावी.

डेस्कटॉप दिसला की आधी विंडोज अपडेट. अपडेट आणि रीस्टार्ट हे चक्र 'काही उरले नाही' असे येईपर्यंत चालवावे. बरेचसे ड्रायव्हर यातच येतात. नंतर डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळे त्रिकोण उरले असतील तर कंपनीच्या संकेतस्थळावरून तेवढेच ड्रायव्हर घ्यावेत. अ‍ॅक्टिव्हेशनचे पान पाहावे. मदरबोर्ड बदललेला असेल तर तिथल्या ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय मिळतो, मात्र जुना परवाना आधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला असावा लागतो.

मराठीसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये 'मराठी' जोडावी. इनस्क्रिप्टखेरीज फोनेटिक कीबोर्डही तिथेच मिळतो आणि विंडोजचे बटण व स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. सिंगल लँग्वेज आवृत्तीत पडद्यावरची भाषा बदलत नसली तरी कीबोर्ड जोडायला अडचण येत नाही. मंगल फॉन्टमधले जुने दस्तऐवज वेगळे दिसू लागले, तर 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावेत, कारण मंगल आता मूळ विंडोजसोबत येत नाही. श्री-लिपी, सुरेख यांसारखे वाचवलेले फॉन्ट यानंतर बसवावेत आणि एखादे जुने पान उघडून जोडाक्षरे नीट उमटतात का ते पाहावे.

बाहेरची हार्ड डिस्क आता कपाटातून काढावी, विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसने पूर्ण तपासावी आणि मगच फाइली परत घ्याव्यात. प्रोग्रामांचे जुने फोल्डर जसेच्या तसे आणू नयेत, ते चालत नाहीत. प्रोग्राम मूळ ठिकाणाहून नव्याने बसवावेत. बॅकअपची डिस्क महिनाभर तरी पुसू नये, कारण विसरलेली फाइल नेहमी उशिरा आठवते.

मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर नव्या विंडोजने ड्राइव्ह बहुधा आपणहून कुलूपबंद केलेला असतो, आणि त्याची की जुन्यापेक्षा वेगळी असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ही नवी ४८ अंकी की शोधावी, जुना कागद फाडून टाकावा आणि नव्या कागदावर संगणकाचे नाव व तारीख घालून ती लिहून ठेवावी.